वाशिष्ठी बोटीच्या झाकणाबाबत

शेरीफचे कार्यालय, टॅनर्स बेसिन, न्यूयॉर्क राज्य. मंगळवार, २ जून १९८७, सकाळी १०.२०. पुरवणी जबाब.

नाव पद्मिनी राजाराम टिपणीस. वय ५८ वर्षे. धंदा शिवणकाम, सध्या बंद. राहणार मे ते ऑक्टोबर एरी कालव्यावर 'वाशिष्ठी' नावाच्या बोटीत, एरवी रॉचेस्टर येथे भाड्याच्या घरात. ९ मेपासून मुलाकडे, एडिसन, न्यू जर्सी.

मी वर लिहिलेली बाई आज कोणी न बोलावता या कार्यालयात आले असून समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना मराठीतून सांगते ते येणेप्रमाणे:

मला इंग्रजी समजते. या देशात येऊन एकवीस वर्षे झाली, दुकानात किंवा दवाखान्यात माझे काही अडत नाही. पण यजमानांविषयी इंग्रजीत बोलू लागले की वाक्ये आखूड होतात, आणि आखूड वाक्यांनी या प्रकरणात एकदा घोटाळा झालेला आहे. म्हणून विद्यापीठात शिकणारी सुमेधा वाळिंबे ही मुलगी दुभाषी म्हणून बोलावली आहे. मी सांगते ते ती मराठीत उतरवून घेत आहे, इंग्रजी नंतर करणार आहे. तिची माझी ओळख आज सकाळचीच. माझा मुलगा अतुल आज पहाटे एडिसनहून गाडीने आला असून बाहेर बाकावर बसला आहे. त्याने आत येऊ नये असे मीच सांगितले.

९ मे रोजी माझे यजमान राजाराम टिपणीस, वय ६३, हे आमची बोट बुडून वारले. त्याच संध्याकाळी मी एक जबाब दिला. तो अपुरा आहे. त्या जबाबावर विसंबून वॉल्टर हॅनिगन या बोट दुरुस्त करणाऱ्या माणसावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवण्याचे चालले आहे. वॉल्टरचा यात काही दोष नाही. एवढे सांगण्यासाठी मी आले आहे.

यजमान इंजिनिअर होते. मूळचे चिपळूणचे. १९६१ ते १९६६ आम्ही इंग्लंडात बर्मिंगहॅमला होतो, तिथे घरामागे कालवा होता आणि त्यावरून सात फूट रुंदीच्या, आगगाडीच्या डब्यासारख्या लांबट लोखंडी बोटी जात. त्यात माणसे संसार करत. यजमानांनी तेव्हाच मनात धरले होते. नंतर इथे टर्बाइनच्या कारखान्यात सतरा वर्षे काढली आणि १९८३ साली मुदतीआधी निवृत्त होऊन तशीच बेचाळीस फुटी बोट वॉल्टरच्या कारखान्यात बांधून घेतली. लोक विचारत, एवढी अरुंद का? यजमान सांगत, बायको एका हाताच्या अंतरावर राहते म्हणून. हौसेला मोल नसते हे खरे, पण त्या हौसेत मलाही राहायचे होते हे मला कोणी विचारले नव्हते. पहिला उन्हाळा मी रागात काढला. दुसऱ्यापासून मला तिथेच झोप चांगली लागू लागली.

बोटीवर काय काम असते असे अधिकाऱ्यांनी विचारल्यावरून सांगते. ताशी चार मैलांच्या वर बोट जात नाही, त्यामुळे प्रवास थोडा आणि देखभाल फार. दर चार दिवसांनी धक्क्यावरच्या नळाला पाइप लावून पाण्याची टाकी भरायची. दहा दिवसांनी संडासाची टाकी पंपाने उपसून घ्यायची. त्या दिवशी यजमान जेवणाची वेळ पुढे ढकलत. सकाळी इंजिनचे तेल बघायचे, बॅटरीचे पाणी बघायचे. संध्याकाळी बोट ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्याच्या दांड्याला ग्रीस द्यायचे, पितळी चावीचा एक फेरा, जास्त नाही. तळाशी साचलेले पाणी स्पंजने टिपून बादलीत पिळायचे. ते काम माझे, कारण माझे हात लहान. देव्हाऱ्यापुढे यजमानांनी पितळी कठडा बसवला होता, नाहीतर बोट काठाला टेकली की देव ओट्यावर येत. हे सगळे ते एका वहीत लिहून ठेवत. मी चार वर्षे त्या बोटीवर काम केले आहे. मला बोट कळत नव्हती असे कोणी म्हणू नये.

आता झाकणाबद्दल. बोटीच्या मागच्या टोकाला, सुकाणू धरून आपण उभे राहतो त्या फळ्यांखाली इंजिन आहे. त्याच्या मागे पत्र्याची चौकोनी पेटी आहे. ती खालून उघडी असते, म्हणजे तिच्यात कालव्याचे पाणी असते. पंख्यात गवत किंवा दोरी अडकली तर पाण्यात उडी न मारता त्या पेटीतून हात घालून काढता यावी अशी ती सोय आहे. पेटीवर लोखंडी झाकण, झाकणाखाली रबर, वरून आडवी पट्टी आणि स्क्रू. झाकण नीट बसले नाही आणि इंजिन चालू केले तर पंखाच कालव्याचे पाणी बोटीत ढकलतो. यजमानांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्यासाठी त्यांचा नियम होता. एकाने झाकण लावायचे आणि 'बंद' म्हणायचे. दुसऱ्याने येऊन रबराच्या चारही बाजूंनी हात फिरवायचा आणि 'पाहिलं' म्हणायचे. मगच चावी फिरवायची. कारखान्यात हाच नियम असे, एका माणसाच्या डोळ्यांवर काम सोडायचे नाही.

ते रबर आणि स्क्रू वॉल्टरने या एप्रिलमध्ये नवे बसवले. मी समोर होते. रबर बसवल्यावर त्याने खडू लावून झाकण दाबले आणि चारही कडांना खडू उमटला ते आम्हाला दाखवले. ते माझ्या पहिल्या जबाबात नाही, कारण मला तसे विचारले गेले नाही आणि मी सांगितले नाही.

जानेवारीत यजमानांच्या हृदयाची बायपास झाली. सहा तास मी हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसले होते. तिथे मी नवस बोलले, की हे उठून चालू लागले तर चिपळूणच्या वाशिष्ठीची साडी-नारळाने ओटी भरीन. नदीची ओटी भरणे म्हणजे काय असे अधिकाऱ्यांनी विचारले. सवाष्ण बाईला जशी साडी, तांदूळ, नारळ देतात तसे नदीला द्यायचे. नदी ती घेऊन पुढे जाते. फेब्रुवारीत मी यजमानांना हे सांगितले. ते हसले. म्हणाले, "ऑपरेशन त्या सर्जनने केलं, साडी त्याला नेसव." पुढे मी विषय काढला नाही. मार्चमध्ये एडिसनला अतुलबरोबर दुकानात जाऊन हिरवी सुती साडी घेतली, तांबडे काठ. यजमानांना दाखवली नाही. चिपळूणला जायला डॉक्टरांनी यंदा मनाई केली होती. नवस फार दिवस अंगावर ठेवू नये म्हणतात. वाहते पाणी सगळीकडे एकच असे मी मनाशी ठरवले.

आम्ही दरवर्षी बोट सुरू करण्याच्या पहिल्या दिवशी कालव्याला नारळ देत होतो. नुसता नारळ. कापड नाही, कारण यजमानांनी स्पष्ट सांगितले होते: "कापड टाकू नकोस, पंख्यात जाईल. आणि ही काही नदी नाही, खणलेला सरकारी चर आहे. याची कसली ओटी भरतेस?" हे मी ऐकलेले होते.

शनिवार, ९ मे. सकाळी ७.१० वाजता, यजमान दाढी करत असताना, मी मागच्या बाजूने साडी घडी मोडून पाण्यात सोडली. हळदकुंकू, तांदूळ, नारळ सोडले. साडी तरंगली, मग भिजली, मग खाली गेली. ती वाहून कुठे गेली नाही. कालव्याचे पाणी वाहत नाही. चार वर्षे मी त्या पाण्यावर राहिले आहे, धुण्याचा साबणसुद्धा सकाळी सांडला तर दुपारी तिथेच फेस दिसतो. हे मला माहीत होते आणि त्या वेळी आठवले नाही. आठवले नाही की आठवू दिले नाही, ते मला सांगता येणार नाही.

८.४० वाजता आम्ही दोर सोडले. बोट काठापासून मागे घेताना इंजिनचा आवाज जड झाला. पाऊण मैल कसेबसे गेलो आणि काळा धूर येऊन इंजिन बंद पडले. यजमानांनी चावी काढून खिशात ठेवली, बांबूने बोट काठाजवळ आणली, फळ्या उचलल्या, झाकण काढले आणि माझ्याकडून पाव कापायची सुरी मागून घेतली. मी सुरी दिली आणि स्वयंपाकघरात परत आले. पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला.

यजमान पंचवीस मिनिटे गुडघ्यांवर बसून, पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून कापत होते. ऑपरेशन होऊन चार महिने झालेला माणूस. मी बाहेर गेले नाही. चोराच्या मनात चांदणे, तसे माझे झाले होते. मध्ये त्यांनी हाक मारली. म्हणाले, "अगं, लुगडं निघालं! हिरवं!" मी कांदा चिरत राहिले. मग म्हणाले, "वरच्या गावात कुणीतरी धुणं धुताना सोडलं असणार. बघ, काय बायका असतात." त्या कालव्यावर साडी नेसणारी बाई मी एकटी. हे त्यांना माहीत होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते मला चिडवत होते. मी तेव्हाच बाहेर जाऊन हो म्हटले असते तर ते वर्षभर मला त्यावरून छळत राहिले असते, दुसरे काही झाले नसते.

९.३५ च्या सुमारास त्यांनी झाकण लावले. मी स्क्रूचा आवाज ऐकला. त्यांनी नेहमीप्रमाणे "बंद" म्हटले.

मी ओट्यापासून हलले नाही. तिथूनच "पाहिलं" असे म्हटले.

त्यांनी चावी फिरवली.

पुढे सहा-सात मिनिटांनी तळाचे पाणी उपसणारा लहान पंप सुरू झाला आणि थांबेना. यजमान म्हणाले, "पंप का चालतोय?" त्यांनी फळी उचलली. इंजिनचे खालचे अंग पाण्यात होते. इंजिन बंद केले असते तर पाणी येण्याचा वेग कमी झाला असता, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होते. पण बोट कालव्याच्या मधोमध होती आणि मला पोहता येत नाही. त्यांनी इंजिन वाढवले आणि पुढचे टोक काठावरच्या दगडांवर चढवले. मला ओरडून म्हणाले, "उतर. आधी तू उतर." मी पुढच्या दाराने उतरले. उतरताना गॅस बंद केला.

मी वळून पाहिले तेव्हा ते इंजिनच्या खड्ड्यात उतरून झाकण अंगाच्या भाराने दाबत होते. मागचा भाग पाण्याखाली गेला, मग एकदम बराच गेला. फळ्या सुटून त्यांच्या अंगावर आल्या. त्यांना उत्तम पोहता येत होते. मी बोटीचा दोर हातात धरून उभी होते. सायकलवरून जाणाऱ्या एका माणसाने फोन केला. अग्निशमन दलाची गाडी ९.५८ ला आली असे कागदात आहे. तोपर्यंत मी दोर धरूनच होते, तो गाडीतल्या माणसांनी माझ्या हातातून सोडवून घेतला. मला अजून रडू आलेले नाही. असे जबाबात लिहीत नाहीत असे सुमेधा म्हणाली. मी लिहायला सांगितले.

पहिल्या जबाबाविषयी. अतुल एडिसनहून गाडीने साडेचारला पोहोचला. साडेपाच वाजता याच खोलीत जबाब झाला आणि दुभाषी म्हणून तोच बसला. अधिकाऱ्यांनी विचारले, पंख्यात काय अडकले होते? मी अतुलला मराठीत सांगितले, "माझी साडी होती. मीच सोडली होती. आणि झाकण मी पाहिलं नाही, नुसतं पाहिलं म्हणाले." अतुलने खुर्ची अधिकाऱ्यांकडे वळवली. मग अधिकाऱ्यांना म्हणाला, "शी डझन्ट नो." आणि मला म्हणाला, "आई, यू आर इन शॉक. आपण नंतर बोलू." मला इंग्रजी समजते हे वर सांगितले आहे. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले तेव्हा मी मान डोलावली. म्हणजे ते खोटे एकट्या अतुलचे नाही.

नंतर एडिसनला मी दोनदा विषय काढला. अतुल म्हणाला, "आई, बाबा गेले. तू हे सांगून काय चेंज होणार आहे? झाकण लीक झालं, रबर नवीन होतं, दॅट्स इट. वॉल्टरकडे लॉयर आहे. तुझ्याकडे कोण आहे?" मी म्हटले, तू आहेस. तो म्हणाला, "एक्झॅक्टली." त्याने वॉल्टरविरुद्ध दावा लावायचे ठरवले. तो वाईट मुलगा नाही. बाप गेल्यावर राग कुठेतरी ठेवावा लागतो, आणि आईवर ठेवता येत नाही.

३१ मे, रविवारी मी अतुलला सांगून बसने इकडे आले. वॉल्टरच्या कारखान्यात गेले. कारखाना तपास होईपर्यंत बंद आहे. वॉल्टर एकटाच आत जुने दोर धूत बसला होता. यजमानांच्या अंत्यविधीला तो आला होता, टोपी हातात घेऊन शेवटच्या रांगेत उभा होता, आणि अतुलने त्याला जायला सांगितले होते. मी त्याला साडीचे आणि झाकणाचे सगळे सांगितले, मोडक्या इंग्रजीत, उभ्यानेच.

तो म्हणाला, "मला ठाऊक आहे." १२ तारखेला क्रेनने बोट उचलली तेव्हा झाकण त्यानेच उघडले होते. रबर आणि लोखंड यांच्यामध्ये हिरव्या कापडाची चिंधी दुमडून अडकलेली होती, म्हणून झाकण एका बाजूने बसले नव्हते. रबर चांगले होते. अधिकारी पलीकडे फोटो घेत होते. वॉल्टरने चिंधी ओढून काढली आणि खिशात टाकली. मी विचारले, का? ती दाखवली असती तर तू सुटला असतास. तो म्हणाला, "मी चार वर्षे तुमच्या नवऱ्याबरोबर काम केले आहे, तुमचा नियमही मला माहीत आहे." त्याने चिंधी पाहिली तेव्हा सगळे कळले, आणि मला कळू नये असे त्याला वाटले. मला ते आधीच माहीत आहे हे त्याला माहीत नव्हते.

ती चिंधी त्याने मला दिली. सुमारे दीड वीत लांब, एका कडेला तांबडा काठ. आज मी ती कागदी पिशवीत आणली असून अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिली आहे. वॉल्टरने ती लपवली याबद्दल त्याला वेगळी शिक्षा होऊ शकते असे अधिकारी म्हणतात. त्याने ती माझ्यासाठी लपवली, म्हणून ती शिक्षाही माझ्याच नावावर लिहावी अशी माझी विनंती आहे. तसे करता येत नाही असे समजले.

विचारल्यावरून सांगते की हा जबाब देण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. या जबाबामुळे माझ्यावरच कारवाई होऊ शकते आणि मुलाचा दावा उभा राहणार नाही, हे अधिकाऱ्यांनी मला दोनदा समजावले. समजले.

आणखी काही सांगायचे आहे का असे विचारल्यावरून सांगते. यजमानांनी साडी ओळखली आणि थट्टेवर नेली. अतुलने माझी वाक्ये गिळली. वॉल्टरने स्वतःचा कारखाना बंद पडू दिला. सगळे मला सांभाळून घेत आहेत आणि मला त्याचा राग येतो. सांभाळून घ्यायचे काम त्या दिवशी माझे होते. हाताच्या अंतरावर होते. चार पावले जाऊन रबरावरून हात फिरवायचा होता.

वरील जबाब सुमेधा वाळिंबे हिने मला सावकाश वाचून दाखवला. एका ठिकाणी तिने 'तिथूनच चुकून "पाहिलं" असे म्हटले' असे लिहिले होते. मी थांबवून विचारले. ती म्हणाली, "काकू, मला वाटलं, तुम्हाला तेच म्हणायचं असेल." मला ते म्हणायचे नव्हते. 'चुकून' हा शब्द खोडला आहे आणि समासात माझी सही आहे. बाकी जबाब मी बोलले तसाच उतरला आहे.

सही: पद्मिनी राजाराम टिपणीस
दुपारी १.०५